धाकट्याचा आवाज

माल काढताना अंगावर घालायचं असं यंत्र निवडा की माणसांचे दोन्ही हात मोकळे राहतील, असं साहेबांनी फर्मान काढलं आणि गोदामाची सुपरवायझर म्हणून ते झेंगट माझ्या गळ्यात पडलं. तीन नमुने आले. चष्म्यात मालाची जागा दिसायची, पण शीतगृहात शिरलं की काचांवर धुकं. दोन कामगार एकमेकांवर आदळले आणि बोल मलाच लावला. मनगटावरचं यंत्र बरं होतं, फक्त जाड हातमोज्यांनी बटणं दाबताना जीव मेटाकुटीला यायचा. हेडसेट मात्र सगळ्यांना आवडला. कुठे जायचं ते तो कानात सांगतो. आपण रॅकवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, खोकं उचलायचं आणि म्हणायचं, "झालं."

इथेच घोडं अडलं. माझा धाकटा भाऊ त्याच शीतगृहात कामाला, आणि गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज कायमचा गेलेला. हेडसेट घेतला तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. मी मनगटाच्या यंत्रासाठी भांडायचं ठरवलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, चाचणी सगळ्यांनी द्यायची. तुमच्या भावानेही."

धाकटा हेडसेट घालून आत गेला. मी हेडसेटला जोडलेल्या, माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर ऐकत बसले. काही ऐकू येणार नाही हे ठाऊकच होतं.

"सत्तावीस," स्पीकरमधून आलं. "झालं."

तो धाकट्याचा आवाज होता. किंचित नाकातला, शेवटी जरा ओढलेला. यंत्रं याच आठवड्यात आलेली, त्यांनी तो कधी ऐकलेलाच नव्हता. मला रडू आलं.

मी आत धावले. धाकटा रॅकसमोर ओठ मिटून उभा होता. आवाज "झालं" म्हणाला तेव्हा खोकं अजून फळीवरच होतं. कुणी मागे लागल्यासारखं त्याने ते घाईघाईने उतरवलं. मला बघताच त्याने हेडसेट ओरबाडून काढला आणि माझ्या हातात कोंबला.

"एक्केचाळीस," माझ्या हातातून त्याचा आवाज म्हणाला. पुढच्या रॅकवर एक्केचाळीसच लिहिलं होतं.

साहेब फक्त वेळेचे आकडे बघून खूश झाले. "भाऊ तुमचा सगळ्यांच्या पुढे निघाला की. आता नाक मुरडू नका, बाई. संध्याकाळपर्यंत काय ते सांगा."

धाकटा माझ्या खोलीत आला आणि फोनवर लिहून दाखवलं. 'हे घेऊ नकोस. आज तो माझ्या आधी बोलतो. उद्या त्याला मी लागणारही नाही.'

त्याचं म्हणणं मला पटलं. मीही टरकलेच होते. "मनगटाचंच घेऊ," मी म्हटलं आणि परत पाठवायच्या खोक्यात ठेवायला हेडसेट उचलला.

"तायडे," हेडसेट म्हणाला.

वर्षभरात मला या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

"तायडे, ऐकतेयस ना?"

खोक्यात ठेवायचं आणि झाकण लावायचं, एवढंच काम होतं. मला ते कळत होतं. पण त्या आवाजासाठी मी किती आसुसले होते, हे मलाच तेव्हा कळलं.

"हो रे," मी म्हणाले. "बोल ना."

धाकटा दारात उभा होता. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग अंगातलं कामाचं जाड जाकीट काढलं, घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. त्याला थांबवायला मी उठले नाही. हेडसेट मी कानाला लावला होता.