करंगळीची जागा

संगीतकाराने व्हायोलिनवादक मेहुण्यासाठी कॉन्चेर्टो लिहायला घेतला, तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, "दादाला विचारलंत का?"

"विचारायचं काय त्यात? त्याचा हात मला पाठ आहे."

पाठ होताच. मेहुण्याच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्या त्याने ऐकून ऐकून झिजवल्या होत्या. एकट्या व्हायोलिनसमोर अख्खा ऑर्केस्ट्रा उभा करायचा आणि शेवटी सगळ्यांना गप्प करून करंगळीने सर्वांत वरचा स्वर गाठायचा, असा बेत. ती झेप एकच माणूस घेऊ शकत होता आणि तो घरचाच निघाला, या दोन्ही गोष्टींची संगीतकाराला सारखीच ऐट होती.

मेहुणा तालमीला आला तो खुसपटं काढतच. लय पळते, उजेड कमी आहे. आणि शेवटचं पान उलटलं की त्याला हमखास तहान लागे.

"जावईबापू, तुमच्याकडे पाणी मिळतं ना? की तेही सुरात मागायचं?"

संगीतकार मनातून धास्तावला. कार्यक्रम तोंडावर आलेला. हा नाही म्हणाला तर कॉन्चेर्टो कपाटात जाणार, कारण तो दुसऱ्या कोणाच्या हाताला बसणाराच नव्हता.

बायको चहा घेऊन आली. मेहुण्याने कप डाव्या हाताने उचलला. बाकीची बोटं कपाच्या कानाभोवती वळली, करंगळी मात्र काडीसारखी ताठ राहिली. बहिणीने पाहिलं, नवऱ्यानेही पाहिलं.

संगीतकाराने घाईने पेन्सिल उचलली. "दादा, शेवटचं पान माझंच फसलंय. तो वरचा स्वर बासरीला देऊन टाकतो."

"उपकार करतोस?" मेहुण्याच्या तोंडचं 'तुम्ही' गळून पडलं. "तू ज्याच्यासाठी लिहिलंस तो तबकडीत राहतो रे. माझ्यासाठी लिहायचं तर या हातासाठी लिही." त्याने हात टेबलावर ठेवला. "वर जाणं संपलं. खाली यायला मात्र अजून हरकत नाही."

पाठ असलेला तो हात संगीतकाराने त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला. एकेक बोट वाकवून पाहिलं. करंगळीपाशी थांबला, आणि मग शेवटचं पान खोडून नव्याने लिहायला बसला.

कार्यक्रमात ऑर्केस्ट्रा गप्प झाला, तेव्हा सभागृह झेपेची वाट पाहत होतं. व्हायोलिन पायरी पायरीने खाली उतरलं आणि सर्वांत खालच्या मोकळ्या तारेवर येऊन थांबलं. तिथे बोट लागतच नाही. गज तेवढा चालत राहिला, सावकाश, आवाज संपेपर्यंत.

टाळ्या पडायला उशीर लागला. तेवढ्यात बायको हळूच म्हणाली, "या वेळी विचारलंत."