खांबापाशी उरलेलं फूल

सकाळी पावणेसहाला थोरल्या भावाने गवत कापायचं यंत्र सुरू केलं आणि साडेसहापर्यंत घरामागचा सगळा उतार साफ केला. त्या उतारावर आदल्या संध्याकाळपर्यंत पिवळी फुलं होती. आता एकही नव्हतं.

बहीण उताराच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहायची. एका खोलीत संसार, दुसरीत मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचा कारखाना. कारखाना म्हणजे जाड सुईचं एक मशीन, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि ती स्वतः. यंत्राचा आवाज तिने झोपेत ऐकला होता, पण तो कशाचा हे डोक्यात शिरायला उशीर झाला. चपला न घालता ती बाहेर आली तेव्हा दादा शेवटचा पट्टा संपवत होता.

"झालं समाधान?"

दादाने यंत्र बंद केलं. "गवत माजलं होतं. साप निघतात."

"साप यंत्रही चालवतात, हे आज कळलं."

"तुला फुलांचं प्रेम कधीपासून गं?"

"तुझ्यावरचं गेलं तेव्हापासून."

कापलेलं सगळं त्याने आधीच गोळा करून पोत्यांत भरलं होतं. पोती टेम्पोत होती. तो टेम्पो घेऊन निघून गेला.

फुलाचं प्रेम तिला खरोखरच नव्हतं. घरात सगळे त्याला 'चिवट' म्हणत. जिथे धड गवतही उगवत नाही अशा कोरड्या, खडकाळ जागी ते यायचं, वर्षानुवर्षं त्याच मुळावर फुलायचं, आणि मूळ हातभर खोल. लहानपणी ते उपटायचं काम दोघा भावंडांवर असे. देठातल्या चिकाने हातांना खाज सुटायची आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा जागच्या जागी. त्या फुलाला तिने जन्मभर शिव्याच दिल्या होत्या.

पण वडील गेल्यावर कागद निघाले, आणि उताराचे दोन हिस्से दादाचे, एक तिचा असं ठरलं. ट्रकचा तळ करणाऱ्या एका माणसाला सगळा उतार हवा होता. त्याच्या नकाशात ट्रक आत येण्याचा रस्ता तिच्या दोन खोल्यांवरून जात होता, आणि कागदावर त्या खोल्या दादाच्या हिश्शात होत्या. ती मामाकडे रडली, काकांकडे भांडली, शेवटी वकिलाकडे गेली. वकील म्हणाला, कागद पक्के आहेत, ताई, तुमच्या एका हिश्शाने काही अडत नाही. मग एका गिऱ्हाइकाने सीट बसवून घेता घेता सहज सांगितलं, की हे फूल सरकारने राखलेल्या वनस्पतींत आहे. ते जिथे सापडेल तिथे कुदळ मारता येत नाही. तिने त्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज केला. पाहणीची तारीख मिळाली ती उताराच्या विक्रीवर सह्या व्हायच्या आदल्या दिवसाची.

इथवर सगळं जमलं होतं. पण जिभेला हाड नसतं. आदल्या संध्याकाळी दादा वर आपल्या घराच्या कुंपणाआत वाफ्यांना पाणी मारत होता. ती म्हणाली, "उद्या अकराला अधिकारी येतेय. तिने एकदा फूल बघितलं की तुझा ट्रकवाला गेला उडत." दादाने पाण्याची नळी दुसऱ्या वाफ्याकडे वळवली. तो गप्प बसला म्हणजे आपण जिंकलो, असं समजून ती जेवून झोपली होती.

अकराला अधिकारी आली. गळ्यात भिंग, पायात जाड बूट. ती उतारावर दोनदा वर-खाली गेली, वाकून पानं पाहिली.

"ही तीच पानं आहेत," बहीण म्हणाली. "मुळं खाली शाबूत आहेत. खणून दाखवू?"

"अशीच पानं रस्त्याकडेच्या साध्या जातीलाही असतात. फरक फुलात असतो, पाकळीच्या मागच्या बाजूला."

"माझ्याकडे फोटो आहेत."

"फोटो कुठलाही असू शकतो. तोडलेलं फूलही कुठूनही आणता येतं. मुळावर उभं असलेलं एक तरी दाखवा."

"माझ्या भावाने मुद्दाम कापलंय सगळं."

"ते तुमचं घरगुती भांडण झालं. मला फूल लिहायचंय."

बहिणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिने प्रथमच गिळलं. तिने चौफेर नजर फिरवली. वर, दादाच्या घराच्या कुंपणाआत, कपडे वाळवायच्या दोरीला ओल्या चादरी होत्या. दोरीच्या खांबाभोवती हातभर गवत तसंच राहिलं होतं. चादरींवर कचरा उडू नये म्हणून यंत्र तिथवर गेलं नसणार. त्या गवतात काहीतरी पिवळं होतं.

दोघी कुंपणापाशी गेल्या. फूल होतं, एकच. चादर वाऱ्याने हलली की दिसायचं. सहाच्या आत कोण चादरी धुतं, असा प्रश्न बहिणीला पडला, पण तो विचारण्यासारखा नव्हता.

"तो भागही उतारातच मोडतो," अधिकारी नकाशा पाहून म्हणाली. "पण कुंपण घराचं आहे. घरच्यांनी या म्हटल्याशिवाय मला आत पाय टाकता येणार नाही. मी एकपर्यंत थांबते. ऊन चढलं की ही फुलं मिटतात आणि मिटलेलं मी लिहीत नाही."

आईच्या कपाटावरून भांडण झाल्यापासून बहीण वहिनीशी बोललेली नव्हती. हाक कशी मारावी, हे ती ठरवत होती. तेवढ्यात वहिनी स्वतःच चिमट्यांची टोपली घेऊन बाहेर आली.

"वहिनी, ह्यांना जरा आत येऊ द्या."

"कोण वहिनी? मागे मला चोर म्हणाला होतात."

"म्हणाले होते."

"मग चोराच्या अंगणात कशाला येताय?"

"तुम्ही चोर नाही. आता बोलले, झालं? येऊ द्या."

"गळा आवळल्याशिवाय तुमच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही, वन्सं." वहिनीने खांबाजवळची चादर काढली, घडी केली आणि टोपलीवर ठेवली. फूल उघड्यावर आलं. त्याच्याकडे तिने पाहिलं की नाही, हे कुंपणापलीकडून कळलं नाही. "ह्यांना विचारून सांगते."

दादाचा टेम्पो नुकताच दारात लागला होता. वहिनी आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आतून आधी दादाचा आवाज आला, चढलेला. मग बराच वेळ नुसता वहिनीचा, सावकाश. शब्द कळत नव्हते. अधिकारी कुंपणाला टेकून घड्याळ पाहत होती. बहिणीने कुंपणाच्या तारेवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

साडेबारा वाजले तेव्हा दार बंद होतं. फुलाच्या पाकळ्या कडेने आत वळायला लागल्या होत्या, पण ते अजून उघडं होतं.