दोन बंबांचा एकच जोड

मी पितळेचा जोड बोलतोय. मला तोंडं दोन, म्हणून जरा जास्तच बोलतो. ऐकायचं तर ऐका. सध्या पलीकडच्या बंबखान्यात टेबलावर पडलोय आणि जिवाला चैन नाही.

पूल ओलांडला की हद्द बदलते. दोन्हीकडे एकेक बंबखाना. फार वर्षांपूर्वी पुलाजवळची लाकडाची वखार पेटली. अलीकडचा बंब आला, मदतीला पलीकडचाही धावला. अलीकडची टाकी रिकामी झाली, पलीकडची काठोकाठ भरलेली. पण ह्यांच्या पाइपाचे आटे वेगळे, त्यांचे वेगळे. एकाचा पाइप दुसऱ्यात बसेना. धडधाकट माणसं हातात पाइप धरून बघ्यांसारखी उभी. वखार राख झाली. वखारवाली रडली नाही. “पाणी होतं की,” एवढंच म्हणाली.

ते दोघा मुख्यांना लागलं. अलीकडचा मिशाळ आणि पलीकडचा काडी. आगीच्या खात्यात असलं नाव कुणी ठेवतं का? पण अंगकाठीच तशी, काय करणार. दोघांनी लेथवाल्याला गाठलं. त्यानं मोडीतल्या पितळेतून मला घडवलं. एका तोंडाला ह्यांचे आटे, दुसऱ्याला त्यांचे. पितळ एकापुरतंच निघालं, म्हणून मी एकटा.

मग ठरलं, मी एक महिना इकडे, एक महिना तिकडे. ज्याची पाळी त्यानं बंब घेऊन न्यायला यायचं, दोन्ही पाइप जोडून पाणी उडवून बघायचं, मगच न्यायचं. मला जावई म्हणायचे, आणि एकमेकांना व्याही. काडी दारातूनच विचारायचा, जावई तयार आहेत ना, की ठेवून घेताय? मिशाळ म्हणायचा, न्या एकदाचे, नुसतं तेल पितात. मग चहा. कुणाचा पंप खोकतोय, कुठला रस्ता खोदलाय, नव्या भरतीतल्या कुणाला शिडीवर चक्कर येते, सगळं त्या चहाबरोबर निघायचं.

एकदा मी पलीकडे असताना काडीची माणसं घाईत मला टेबलावरच विसरून बंब घेऊन मदतीला पळाली. अलीकडचं एक घर अर्धं जळालं. मिशाळ हादरला. त्यानंच वर मागणी लावून धरली, दोघांना आपापला जोड द्या. शहाणी मागणी होती. मला मान असती तर मीही डोलावली असती. दोन चकचकीत जोड आले. हार झाले, फोटो झाले, आणि मी अलीकडच्या काचेच्या कपाटात गेलो.

पहिल्या महिन्यात काडी नुसताच भेटायला आला. पण न्यायचं काही नसलं की आलेल्या माणसाला हात कुठं ठेवावेत कळत नाही. लवकर उठला. मग नुसता फोन. मग तोही नाही. भांडले असते तरी बरं होतं, भांडणात निदान बोलणं होतं. पुढे दोघेही निवृत्त झाले.

वखार पुन्हा उभी राहिली होती, ती नुकतीच परत पेटली. दोन्ही बंब वेळेवर आले, दोघांकडे नवे जोड. आणि एकही बसेना. पलीकडच्यांनी मधल्या काळात मोठ्या तोंडाचे पाइप घेतले होते. स्वतःचा जोडसुद्धा त्या पाइपांना लावून बघितला नव्हता, मग शेजाऱ्याला सांगणार कोण? पुन्हा तेच. पाइप हातात, माणसं उभी. अर्धी वखार गेली.

वखारवाली तडक बंबखान्यात आली. आता तिचे केस पिकलेत. कपाट उघडून मला काढलं, पिशवीत कोंबलं आणि मिशाळच्या ओट्यावर आदळलं.

“दादा, तेव्हाही पाणी होतं, आताही होतं. व्याह्यांकडे कधी जाताय?”

मिशाळ पुटपुटला, ह्याचे आटे आता कुठे बसत नाहीत, आणि माझे गुडघे वाकत नाहीत.

“मग सगळेच जा. तुम्ही, गुडघे आणि हा.”

गेला बिचारा लंगडत, पूल ओलांडून. काडीनं दार उघडलं, मला हातात घेऊन फिरवून बघितलं. जावई वाळले म्हणाला. मिशाळ म्हणाला, व्याह्यांनी विचारपूस केली नाही. मग काडी उठला, मला पलीकडच्या बंबखान्यात आणून नव्या माणसांच्या टेबलावर ठेवलं आणि मिशाळला म्हणाला,

“हा इथंच राहील. पुढच्या महिन्यात तुमच्या पोरांनी बंब घेऊन न्यायला यायचं. म्हातारे आलेले चालणार नाहीत.”

मिशाळनं परत जाऊन सांगितलं असणार. पोरं हो म्हणाली असणार. हो काय, सगळेच म्हणतात.

महिना संपत आलाय. इथली माणसं माझ्याखाली कागद दाबून ठेवतात. पुलावर काही खडखडलं की वाटतं बंब आला. बघतो तर दुधाची गाडी.

मी कुचकामी आहे, कबूल. तरी न्यायला या रे. आलात की आधी इथल्या पाइपांची तोंडं मापा, मग चहा प्या. नवा जोड लागेलच, लेथवाल्याचा मुलगा करून देईल. पितळ कितीही मिळो, माझं म्हाताऱ्याचं एवढं ऐका.

एकच जोड करा.