तिघींची सुट्टी

थोरलीच्या तोंडात बारीक खिळे धरलेले होते, म्हणून धाकटीचा फोन तिने नुसता "हं, हं" करत ऐकला. धाकटी तिची सख्खी बहीण. दूरच्या शहरात एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती. एरवी तिचा फोन म्हणजे तब्येत, हवापाणी आणि "खारू कशी आहे?" एवढंच. आज मात्र ती बराच वेळ अडखळली आणि मग एका दमात म्हणाली, "ताई, मी आता बरी आहे. पक्की बरी आहे, डॉक्टरही म्हणतात. घरही नीट लागलंय. खारूला घेऊन जाऊ का गं मी?"

थोरलीने खिळे तळहातावर काढले. "विचारतेस काय? तुझीच आहे ती," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

फोन ठेवून तिने समोरच्या सोफ्याचा फोम कापायला घेतला आणि चांगला वीतभर आखूड कापला. नवऱ्याने तो तुकडा उचलून पाहिला, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नवा फोम काढून दिला. सोफे दुरुस्त करायचं हे दुकान दोघांचं होतं. पुढे दुकान, मागे घर.

खारू जन्मली तेव्हा धाकटीचं मन असं काही खचलं होतं की ती पोरीकडे बघायचीसुद्धा नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिच्या नवऱ्याने थोडे दिवस कळ काढली आणि मग काढता पाय घेतला. थोरलीला मूलबाळ नव्हतं. तिने पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि सरळ दुकानात आणलं. पोर तिथेच वाढली. अर्धवट कोचात झोपायची, चिंध्यांशी खेळायची. रांगायला लागली तेव्हा तिला एखादी पिन टोचू नये म्हणून थोरलीचा नवरा, तिचा काका, लोहचुंबक घेऊन तिच्या पुढे पुढे फरशीवरून रांगायचा. गालात खाऊ साठवून ठेवायची, म्हणून ती खारूताई, आणि त्याची झाली खारू.

बोलायला लागल्यावर ती थोरलीला आई म्हणू पाहत होती. थोरलीने ते मोडून काढलं. "मी मावशी. आई तिकडे औषध घेतेय, बरी होतेय." मावशीची माऊ झाली. वर्षातून तीन-चारदा धाकटी यायची आणि पाहुणीसारखी कोचाच्या कडेवर टेकायची. खारू तिला आई म्हणायची खरी, पण शाळेतल्या बाईंना बाई म्हणावं तसं.

"एकदम उचलून नेलीस तर पोर बिथरेल," थोरलीने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. "शाळेला सुट्टी आहे. आपण तिघी कुठेतरी जाऊन राहू. तिला तुझी सवय होऊ दे. मग सांगू."

जायचं तर जवळच जायला हवं होतं, कारण गाडीत बसलं की खारूच्या पोटात ढवळायचं. संध्याकाळी शिवणयंत्राशी तिघांची डोकी मोबाइलवर झुकली. खारूला खरं कारण ठाऊक नव्हतं. तिला घसरगुंड्या हव्या होत्या.

"मला कुणी विचारलंच नाही," काका म्हणाला.

"तुला पोहता कुठे येतं?" खारूने विचारलं.

"झोपता येतं की. रिसॉर्टला तेवढं पुरतं."

खारू खिदळत हात धुवायला आत पळाली. निवडता निवडता दोनच जागा उरल्या होत्या. एक तळ्याकाठची, स्वच्छ, शांत. तिच्याखाली कुणा आईने लिहिलं होतं, "मुलं दुसऱ्याच दिवशी कंटाळली, घरी चला म्हणून मागे लागली." दुसरी त्याहून जवळ, घसरगुंड्या आणि पाळलेले ससे असलेली. तिच्याखाली होतं, "निघताना मुलीने रडून गोंधळ घातला. घरी यायलाच तयार नव्हती."

थोरलीने दोन्ही अभिप्राय पुन्हा वाचले. तळ्याकाठी दुसऱ्याच दिवशी पोर कंटाळेल, माझ्या कुशीत शिरेल, माऊ घरी जाऊ या म्हणेल. धाकटी ते बघेल आणि कदाचित आपणच म्हणेल, राहू दे ताई, तुझ्याकडेच राहू दे. कुणी मला नावं ठेवणार नाही. तिचं बोट तळ्याच्या फोटोवर बराच वेळ तसंच राहिलं.

"काय ठरलं?" नवऱ्याने विचारलं.

"सशांचं घेऊ," थोरली म्हणाली.

बस गावाबाहेर पडली, खारूचा चेहरा जेमतेम पांढरा पडला, तोच उतरायची वेळ आली. धाकटी फाटकाशी उभी होती. नवी टोपी घातलेली, हातात पोहायच्या दोन ट्यूब. एक खारूच्या मापाची, दुसरी अगदी तान्ह्या पोराची. "कुठली बसेल कळेना, म्हणून दोन्ही आणल्या," ती ओशाळून म्हणाली. खोलीत एक मोठा पलंग होता आणि खिडकीशी एक छोटा. खारूने मोठ्यावर उडी मारली. "मी आणि माऊ इथे. आई, तू छोट्यावर मावशील ना?"

"मावेन की," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी पाण्याशी गेल्या. थोरली काठावर खुर्चीत बसून राहिली. "पाठ धरलीय माझी. तू आईबरोबर जा." खारू नाइलाजाने उतरली. मायलेकी कमरेएवढ्या पाण्यात दोन खांबांसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. तेवढ्यात ऊन तोंडावर आलं आणि थोरलीने सवयीने ती जाड लाकडी खुर्ची एका हाताने उचलून सावलीत नेली. आयुष्यभर सोफे उचलणारी बाई ती. तिच्या लक्षातही आलं नाही. खारूच्या आलं.

ती ठिबकत येऊन समोर उभी राहिली. "तुझी पाठ दुखत नाहीये."

थोरलीने टॉवेल काढायला पिशवीत हात घातला.

"तू मुद्दाम येत नाहीयेस. का?"

थोरलीने टॉवेल तिच्या अंगाभोवती गुंडाळला. आता आणखी एक थाप मारायची तिची छाती होईना. "सुट्टी संपली की तू आईकडे राहायला जाणार आहेस. तिच्या घरी. तुझी शाळाही तिकडेच. मी भेटायला येईन, तू येशील."

"किती दिवस?"

"नेहमीसाठी, बाळा."

खारूने जरा विचार केला. "हे तुला इथे यायच्या आधीच माहीत होतं?"

"हो."

"म्हणून आणलंस?"

"हो."

टॉवेल फरशीवर पडला. "कट्टी. आयुष्यभर कट्टी!" खारू तरातरा चालत धाकटीकडे गेली आणि थोरलीकडे रोखून बघत तिने आईचा हात धरला. धाकटीने बहिणीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आनंद होता आणि त्याची लाजही होती.

रागाने धरलेला तो हात खारूने दिवसभर सोडला नाही. दुपारी दोघी उंच घसरगुंडीवर चढल्या. धाकटी किंचाळत, उलटीपालटी होत खाली आली, नाकातोंडात पाणी गेलं, टोपी भलतीकडेच तरंगत निघाली. खारू हसली. इतकी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. "आई, परत! परत कर तसंच!" थोरलीने ते लांबून ऐकलं. त्या पोरीचं खुदकणं, खिदळणं, खोटं हसणं तिला तोंडपाठ होतं. हे हसू तिने कधी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री छोट्या पलंगावर थोरली झोपली.

सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून धाकटी म्हणाली, "ताई, रागावू नकोस. ती हसली की आधी तुझ्याकडे बघते. तू बघतेस का ते बघते. मग एकदम गप्प होते. तू जर आधी निघालीस तर..."

थोरली स्वतःच हे म्हणणार होती. पहाटेपासून मनात शब्द जुळवत होती. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कुणी मुस्काटात मारावी तसं झालं. "मी तेच म्हणणार होते," ती म्हणाली. खरं होतं, पण तिच्याच कानाला खोटं वाटलं.

पिशवी भरून ती सशांच्या जाळीशी गेली. खारू उकिडवी बसून पाला घालत होती. धाकटी शेजारी.

"खारू, मी निघते."

खारूने एक पान जाळीतून आत सारलं.

"काकाला काही निरोप?"

खारूने आणखी एक पान जाळीतून आत सारलं. थोरली वळली आणि चालू लागली. पाच-पन्नास पावलं गेली असेल, तोच मागून आवाज आला. खारू तिच्याशी बोलत नव्हती. आईशीच बोलत होती, पण चांगली मोठ्याने.

"आई, माऊला सांग, डावीकडच्या वाटेने जाऊ नको. तिकडे मोठा कुत्रा बांधलाय. तिला भीती वाटते."

"ताई," धाकटीने इमानेइतबारे निरोप पोचवला, "डावीकडून जाऊ नकोस."

"ऐकलं," थोरली म्हणाली. चेहरा पोरीला दाखवण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून वळली नाही. उजवीकडच्या वाटेने गेली.

घर इतकं जवळ होतं की बसमध्ये रडायलाही सवड मिळाली नाही. नवऱ्याने तिला एकटीला दारात पाहिलं, हातातली कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "जेवलीस?" तिने मान हलवली. होय की नाही, ते त्यालाही कळलं नाही. ती एका जुन्या कोचाच्या पिना उपसत बसली. दुपारी एक गिऱ्हाईक आलं. राखाडी घ्यावं की हिरवं, तुम्हीच सांगा, म्हणालं. थोरलीने कापडाचे दोन्ही तुकडे उजेडात धरले आणि तिला हुंदका फुटला. मग आवरेचना. गिऱ्हाईक गांगरलं. "अहो, कुठलंही चालेल," ते बापडं म्हणत राहिलं. "दोन्ही चांगलेच आहेत." नवऱ्याने त्याला हळूच बाहेर नेलं.

मायलेकी सामान न्यायला आल्या तेव्हा कट्टी संपली होती. निघताना खारू माऊच्या गळ्यात पडून रडली, काकाच्याही पडली, आणि मग तिने आपणहून आईचा हात धरला. पहिले काही दिवस तिचा रोज फोन यायचा, तोही रडत. मग शाळा सुरू झाली. नव्या मैत्रिणी, आईच्या इस्पितळातली मांजर, शेजारच्या घरातला पियानो. फोन रविवारवर आले आणि दर रविवारी थोडे आखूड होत गेले. पोर रुळली, असं थोरली विचारणाऱ्यांना सांगायची, आणि ते खरंच होतं.

"माऊ, ठेवू? आई हाक मारतेय."

"ठेव, बाळा," ती म्हणायची. फोन बंद झाला तरी तो तसाच कानाशी धरून ती थोडा वेळ बसायची. तोवर नवरा शिवणयंत्र चालू करत नसे.