जहाज हवेत ठेवा

माझी धाकटी बहीण नोआ लग्न करून इस्राएलला गेली, तेव्हापासून रविवारी आम्ही फुग्याला टांगलेली हवाई जहाजं लढवतो. म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळात. पनवेलच्या हॉलमध्ये बसून मी सुकाणू धरते, माझ्या न्हावा शेव्याच्या ऑफिसातला अपूर्व त्याच्या घरून तोफ चालवतो आणि नोआ दुरुस्ती बघते. मला खेळाचं कसलं आलंय वेड. तिकडे हल्ल्याचे भोंगे वाजायला लागल्यापासून तिचा आवाज कानात असला की जीव थाऱ्यावर राहतो, एवढंच.

त्या दिवशी हत्यारांवरून आमचं वाजलं. पाना झटपट चालतो पण थोडंच दुरुस्त करतो. हातोड्याने काम मोठं होतं, पण पुढचा घाव घालायला थांबावं लागतं. मी म्हटलं हातोडा घे, बाईसाहेबांनी पानाच घेतला. मग रागाच्या भरात हातोडा मीच उचलला.

शत्रूने आमचा फुगा फाडला आणि जहाज खाली जायला लागलं. मी नोआला हाक मारली.

"येते गं ताई," ती म्हणाली.

मी निर्धास्तपणे सुकाणू धरून राहिले. ती आलीच नाही. पडद्यावर तिचा गडी इंजिनापाशी नुसता उभा. मी तिला आळशी म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आणि मग हेडफोनमधून भोंगा ऐकू आला. आमच्या घरात निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. ती फुग्याकडे येत नव्हती, जिना उतरून बंकरकडे पळाली होती.

खेळातला तिचा माइक चालूच होता. जहाज आपटलं असतं तर डाव संपला असता आणि तिच्या खोलीचा आवाजही बंद झाला असता. मी अपूर्वला सांगितलं, जिंकायचं नाही, फक्त हवेत राहायचं. त्याने काही न विचारता तोफ सोडून सुकाणू घेतलं. मी फुग्याकडे धावले. एक घाव, मग थांबायचं. पुन्हा घाव. कानात दणका झाला, काहीतरी खळ्ळकन फुटलं, मग काहीच ऐकू येईना. मी इतकी घाबरले होते की आम्ही यहुदी संकटात ज्याला हाक मारतो त्या एलियाहू हन्नाबीचा धावासुद्धा नीट करता येईना.

जहाज घरांच्या छपरांना घासायला लागलं, तेवढ्यात कानात दार वाजलं.

"ताई, सुकाणूवर कोण आहे?" नोआ धापा टाकत होती.

मला रडू कोसळलं. रडता रडताच मी तिच्यावर चिडले. "पुढच्या वेळी सरळ 'जाते' म्हण. मला कळेल तरी."



"ते नाही म्हणणार मी."