फुलाबाईचा उपास

मित्रांनो, मी एक वयस्क, केसाळ आणि चांगली भारदस्त बाई आहे. मला आठ पाय आहेत. त्यांतले सात दणकट आणि आठवा जरा बारका. त्या बारक्या पायाची गोष्ट सांगायलाच आज बसले आहे. मी टॅरांट्युला, म्हणजे तळहाताएवढी कोळीण. इंदापूर तालुक्यातल्या कळसला, जोतीरामआबांच्या ओसरीवर, काचेच्या पेटीत राहते. माझे नाव फुलाबाई. हसलात ना? सगळेच हसतात. मला त्याचे काही वाटत नाही.

माझे कुळ सातासमुद्रापलीकडचे. पण मला कुणी रानातून धरून आणलेले नाही हं. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडे मी पेटीतच जन्मले, तेव्हा मसुराच्या दाण्याएवढी होते. आबांची लेक राजलक्ष्मी पुण्याला कॉलेजात शिकत होती. तिने रीतसर कागदपत्रे करून मला औषधाच्या डबीतून आणले. वाढत्या अंगाला भूक फार, म्हणून तेव्हा ती मला दर दोन-तीन दिवसांनी बारीकसा किडा द्यायची. मी मोठी झाले तशी भूक मंदावली, आणि आठवड्याला एक रातकिडा मला भरपूर होऊ लागला. कधी तोही नको वाटायचा. राजलक्ष्मी आधी माझे पोट बघायची. ते गोल दिसले की किड्यांचा डबा पुन्हा फळीवर ठेवून द्यायची. "भूक लागली की खाईल," एवढेच म्हणायची. फार शहाणी मुलगी!

पुढे तिला लोणी देवकरच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि ती मला घेऊन घरी आली. तिच्या आईने, ठमाबाईंनी, पेटीवरचा रुमाल उचलला आणि दोन हात मागे सरकल्या.

"आगं बया! ह्ये ध्यान घरात ठिवायचं? ह्येला तर दिसल्याबरुबर चपलंनं मारत्यात!"

"आई, ती कुणाच्या वाटेला जात नाही. तिच्या वाटेला कुणी जायचं नाही, बस्स."

असा माझा त्या घरात गृहप्रवेश झाला. माप नाही, औक्षण नाही. पण कोपरा चांगला मिळाला. भिंतीपलीकडे चूल होती, त्यामुळे ऊब असे. मी तिथे सुखात राहिले.

मग कारखान्याने राजलक्ष्मीला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाला हैदराबादला पाठवायचे ठरवले. निघताना तिने आबांना माझ्यासमोर बसवले.

"आबा, आठवड्यातून एकच रातकिडा. खाल्ला नाही तर दुसऱ्या दिवशी बाहेर काढायचा. बशीत पाणी मात्र रोज. आणि तिनं नको म्हटलं, तर नको."

"व्हय गं. मला काय जनावरं नवीन हायती का?"

"ती दाण्याएवढी होती तेव्हापासून मी एकटीनं तिला वाढवलंय, आबा. परत येईन तेव्हा मला ती धड दिसली पाहिजे."

आबांनी छातीवर हात ठेवला. "माझ्या घरात आजवर कोण उपाशी ऱ्हायलंय का?"

मित्रांनो, माझे दुखणे नेमके इथेच होते. आबा म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित वाढपी. लग्न कुणाचेही असो, पंगतीत आग्रहाला जोतीरामआबाच हवेत. जिलेबीचे ताट घेऊन ते रांगेत शिरले की भलेभले पैलवान घामाघूम व्हायचे. माणूस ताटावर हात आडवा धरायचा, "नको, आबा, पोट फुटंल," म्हणायचा. आणि आबा त्याच्या बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवायचे. त्यांच्या हिशेबी 'नको' हा शब्दच नव्हता. पहिल्यांदा 'नको' म्हणणे ही रीत, दुसऱ्यांदा म्हणणे ही लाज, आणि तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ताटात पडलेले असायचेच. माणूस सोन्यासारखा, पण हात आवरत नाही!

पहिले काही दिवस ते मला भ्यायचे. झाकण चिमटीत धरून किडा टाकायचे आणि पळायचे. पण मी झडप घातलेली एकदा त्यांनी पाहिली आणि हरखलेच. "आगं ठमे, बघ की! कशी जेवती पठ्ठी!" जेवणारे माणूस दिसले की आबांची भीती जाते. मग आठवड्याचे एक दिवसाआड झाले, एक दिवसाआडचे रोज झाले. आता माझ्या जातीचा स्वभाव असा, की समोर हलले की धरायचे. उद्या मिळेल न मिळेल. माझे पोट चिकूसारखे फुगले. चालताना ते जमिनीला घासू लागले. काचेवर चढून चुकून खाली पडले असते तर फुटलेच असते. गंमत नव्हे, आम्हा कोळिणींचे पोट खरेच फुटते.

फोनवर राजलक्ष्मी विचारायची, "फुलाबाई कशी आहे?"

"झ्याक! चांगलं अंग धरलंय तिनं," आबा अभिमानाने सांगायचे. तिला बिचारीला काय कळणार?

आणि मग एक दिवस मला अन्न नकोसे झाले. आमच्यात असे होते. जुने कातडे अंगाला अपुरे पडू लागले की आत नवे तयार होते, आणि जुने टाकेपर्यंत आम्ही तोंडात काही घेत नाही. कधी काही आठवडे, कधी महिने. मी जमिनीवर पांढऱ्या धाग्याचे अंथरूण घातले. आबांनी रातकिडा टाकला. मी पुढचे दोन पाय वर उचलून त्याला हटकले. आमच्या भाषेत याचा अर्थ स्पष्ट आहे, 'नको, चालता हो.'

आबा खुदकन हसले. "हात आडवा धरतीया! लाजतीय गं बिचारी. घ्या, फुलाबाई, आमच्यासाठी एक घ्या!" आणि त्यांनी दुसरा टाकला.

दुसऱ्या दिवशीही मी पाय उचलले. त्यांनी आणखी दोन टाकले. वर म्हणाले, "पावण्याच्या घरी लाजायचं नसतंय." आता माझ्या अंथरुणाभोवती चार रातकिडे भुकेले हिंडत होते. मला संताप यायचा, पण करते काय? माझ्याकडे दुसरा कुठला 'नको' शिल्लकच नव्हता.

तिसऱ्या दिवशी संकष्टी होती. ठमाबाई पहाटेच एस.टी.ने मोरगावला देवदर्शनाला गेल्या होत्या. भर दुपारी माझी वेळ भरली. मी अंथरुणावर उताणी झाले. कात टाकताना आम्ही पाठीवरच पडतो. जुने कातडे फाटते, आणि एकेक पाय मोज्यातून काढावा तसा बाहेर ओढावा लागतो. नवे अंग तेव्हा लोण्यासारखे मऊ असते. दातसुद्धा पांढरे आणि लिबलिबीत. मुंगीलाही हाकलायची ताकद नसते. मी पाय सोडवत होते, आणि त्यातला एक रातकिडा आला व माझ्या पायाच्या सांध्याला कुरतडू लागला. खोटे कशाला सांगू? फार दुखले. त्याहून जास्त भीती वाटली.

आबा ओसरीवर आले आणि जागीच थिजले. त्यांनी फोन लावला. "राजू, घात झाला गं. तुझी फुलाबाई गेली. उताणी पडलीया." आणि तो एवढा मोठा गडी लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"आबा, रडू नका. उताणी आहे ना? मग ती मेलेली नाही, कात टाकतेय! मरणारी कोळीण पाय पोटाशी घेऊन पालथी बसते." मग तिचा आवाज बदलला. "आबा, पेटीत किडे आहेत का?"

आबा काचेतून किडे मोजू लागले.

"आबा!"

"हायती. चार हायती. तिनं हात आडवा धरला हुता गं. मला वाटलं, लाजती."

"काढा आधी! खातील ते तिला. तिला धक्का लागू देऊ नका, अंग फाटेल तिचं!"

आबांनी फोन तसाच ओट्यावर ठेवला. इतक्या दिवसांत त्यांनी पेटीत कधी बोटही घातले नव्हते. आज सदऱ्याची बाही वर सारली आणि तो रुंद, काळा, जिलेबी वाढणारा हात आत आला.  पण माझ्यापाशी येताच तो असा हलका झाला, की माझ्या अंथरुणाचा एक धागा तुटला नाही. त्यांनी माझ्या पायावरचा किडा चिमटीत उचलला. मग बाकीचे तीन शोधून काढले. तो हात मी जन्मभर विसरणार नाही.

मी वाचले. पाय मात्र गेला.

संध्याकाळी ठमाबाई परतल्या तेव्हा आबा पेटीसमोर मान घालून बसले होते. मी जुन्या कातड्याशेजारी, सात पायांवर, गळून पडले होते.

"लई थकलीया," आबा पुटपुटले. "एक बारका किडा टाकू का? बाळंतिणीगत झालंय तिला. अंगात ताकद याय पायजे."

ठमाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "अवो, सकाळधरनं माझ्या पोटात पाण्याबिगर काय न्हाय. तुमी येकदा तरी म्हणला का, ठमे, घासभर खा म्हणून?"

"उपासाच्या माणसाला कोण आग्रह करंल? पाप लागंल की!"

"मग तिचा बी उपास हाय, असं समजा."

आबांनी मान वर केली. किती फोन झाले, किती सूचना झाल्या, पण त्यांच्या डोक्यात जे शिरले नव्हते ते या एका शब्दाने शिरले. ते उठले आणि किड्यांचा डबा फळीवर ठेवून आले.

"आन् सुटायचा कवा? तुझा चंद्र बघून सुटतोय. हिचा?"

ते राजलक्ष्मीने फोनवर सांगितले. दात पांढऱ्याचे लाल होतील, लालाचे काळे. काळे कुळकुळीत झाले की उपास सुटला. मग काय! आबा रोज सकाळी काचेला नाक लावून बसू लागले. "उगवला का?" आतून ठमाबाई विचारायच्या. "अजून न्हाय," आबा सांगायचे. बशीत पाणी मात्र न चुकता भरलेले असे. त्याच ठमाबाई, चपलेने मारायला निघालेल्या, आता पेटीवरून जाताना साडीचा पदर आवरून जात.

दात काळे झाले त्या दिवशी आबांनी एकच रातकिडा टाकला आणि मांडी घालून वाट बघत बसले. "घ्या" म्हणाले नाहीत. मी भुकेली होते. सावकाश उठले आणि झडप घातली. आबांच्या डोळ्यांत पाणी आले.

राजलक्ष्मी आली ती चपलाही न काढता माझ्यापाशी बसली. तिने माझे पाय मोजले. सातच भरले.

"चूक माझी हाय," आबा म्हणाले. "म्या तिचं नको ऐकलंच न्हाय."

ती रागावली होती, आणि का रागावू नये? जेवायला ती ओसरीवर, माझ्या पेटीसमोरच बसली. आबा स्वतः वाढत होते. दुसरी भाकरी घेऊन ते वाकले. तिने ताटावर हात आडवा धरला.

मी काचेला टेकून बघत होते. ठमाबाई कालवण घेऊन दारातच थांबल्या. आबांचा हात भाकरीसकट हवेत राहिला. मग तो मागे गेला.

"नको?" त्यांनी विचारले.

"नको, आबा."

"बरं," आबा म्हणाले, आणि भाकरी टोपल्यात ठेवून शेजारी बसले. थोड्या वेळाने राजलक्ष्मीने स्वतःच ताट पुढे केले. "अर्धी वाढा," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मला हसू दिसले.

पुढच्या वेळी कात टाकली तेव्हा माझा आठवा पाय पुन्हा उगवला. बारका आहे, पण माझा आहे. मित्रांनो, आम्हा मुक्या जिवांना पाळा, जीव लावा, वेळच्या वेळी आणि बेताने खायलाही घाला. पण वाढण्याआधी एकदा आमच्याकडे बघा. आमच्यापाशी 'नको' म्हणायला एकच खूण असते. ती तुम्ही मानलीत, तर आम्ही भूक लागल्यावर आपणहून तुमच्याकडे येऊ.