बिस्किटांच्या कारखान्यात साबण

नणंद-भावजयीचं पटतं म्हटलं की लोक आधी हसतात, मग खोदून खोदून विचारतात. या दोघींचं नुसतं पटत नव्हतं, दोघींनी मिळून चक्क एक सॉफ्टवेअर बांधलं होतं. वहिनी साबणाच्या कारखान्यात देखभालीची इंजिनिअर. कुठलं यंत्र का बंद पडतं आणि किती वेळ रुसून बसतं, हे तिला तोंडपाठ. ते सगळं नणंदेनं कॉम्प्युटरला शिकवलं. यंत्र थांबलं रे थांबलं की स्क्रीनवर लाल चौकोन, खाली कारण. आणि हे म्हणे कुठल्याही कारखान्यात चालणार! फक्त यंत्रांची नावं भरायची, आतली एक ओळसुद्धा बदलायची नाही. निदान नणंद तरी तसं छातीठोकपणे सांगत सुटली होती.

आज त्याची परीक्षा होती, बिस्किटांच्या कारखान्यात. वहिनीनं आधीच बजावलं होतं, "ऑर्डर मिळाली तर मी नोकरी सोडते. नाही मिळाली तर सोमवारी मी माझ्या साबणाकडे, तू तुझ्या कॉम्प्युटरकडे. हा खेळ बंद." तेव्हापासून नणंदेची झोप उडाली होती. तिला यंत्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. वहिनी गेली की सगळंच गेलं.

त्यात दोघींना एक खोड, घाबरल्या की हसू येतं. म्हणून गेटातच ठरलं, आत एकमेकींकडे बघायचं नाही.

मालकीणबाई मोठ्या कडक. "इथे बसून ठाकठोक करायची नाही," त्या म्हणाल्या. "आहे तसं दाखवा."

स्क्रीन लागला. पीठ मळणारं यंत्र हिरवं, ओव्हन हिरवा, पहिला पट्टा हिरवा, दुसरा हिरवा. नणंदेला आकाश ठेंगणं झालं. आता उडी मारावी की काय, असं वाटत होतं, तेवढ्यात तिसरा पट्टा लालबुंद झाला. खाली ठळक अक्षरं आली: 'बंद. कारण: साबण येत नाही.'

मालकीणबाईंशेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरनं चष्मा काढून पुसला, परत लावला. "बाई, आपल्याकडे साबण?"

मेले, नणंदेच्या मनात आलं. सगळीकडून वेचून काढलेला साबण नेमका या एका ओळीत राहिला होता! वहिनीकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. वहिनीचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. झालं! नणंदेच्या नाकातून असा काही आवाज निघाला की मॅनेजर दचकला, आणि मग दोघी टेबलाला धरून ज्या हसत सुटल्या त्या थांबेचनात.

"तुमचं हसून झालं की सांगा," मालकीणबाई म्हणाल्या.

"शिवाय तो पट्टा बंद कुठाय?" मॅनेजरनं काचेतून खाली बोट दाखवलं. "गरागरा फिरतोय की!"

हे तर त्या दोघींचं जुनं भांडण. पट्टा फिरतोय पण त्यावर माल नाही, तर तो बंदच धरायचा, असा वहिनीचा नियम. फिरणाऱ्याला बंद कसं म्हणायचं, म्हणून नणंद हमरीतुमरीवर आली होती. वहिनी म्हणाली होती, "तुझा दादा सुट्टीच्या दिवशी घरभर फिरत असतो. काम काय होतं, सांग बरं?" नणंदेनं हसत हसत तो नियम तसाच लिहून टाकला होता.

वहिनीचं हसू थांबलं. तिनं काचेला नाक लावलं. "फिरतोय खरा. पण त्यावर एक तरी बिस्कीट दिसतंय का?"

नव्हतंच! सगळे धडाधड जिना उतरले. ओव्हनच्या तोंडाशी माल वळवणारी फळी निसटली होती, आणि खरपूस, अख्खी बिस्किटं तिसऱ्या पट्ट्यावर न जाता तुकड्यांच्या पेटीत पडत होती. पेटी कधीच भरून वाहिली होती. ओव्हनवाल्याला वाटत होतं, पॅकिंग जोरात चाललंय. पॅकिंगवाल्यांना वाटत होतं, आज ओव्हनच थंड आहे. मालकीणबाई घोट्यापर्यंत बिस्किटांत उभ्या राहिल्या. त्यांनी पेटीतलं एक उचललं आणि शांतपणे खाल्लं.

"पट्टा फिरत असला तरी रिकामा म्हणून बंद धरायचा, हा नियम कुणाचा?"

"नियम वहिनीचा," नणंद म्हणाली. "साबण तेवढा माझा."

आता मात्र मालकीणबाईही खळखळून हसल्या. मग वहिनीकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही माझ्याकडेच या. देखभालीच्या प्रमुख म्हणून, सोमवारपासून."

आता वहिनी हातची गेली, नणंदेनं ओळखलं. चालून आलेली लक्ष्मी कोण परत पाठवतं? तिनं अभिनंदन करण्यापुरता चेहरा कसाबसा सरळ केला.

"नको हो," वहिनी म्हणाली. "एक नोकरी सकाळीच सोडून आलेय. रोज उठून नोकऱ्याच सोडत बसू का? ऑर्डर द्या."

"दिली," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्या सगळ्या कारखान्यांची. तेवढा साबण काढा."

पण नणंद हे ऐकायला शुद्धीवर होती कुठे! "सकाळी? निकालाच्या आधी? वहिनी, तू तर म्हणाली होतीस…"

"म्हणाले होते. मग चहा घेताना वाटलं, पास-नापास बघून सोबत करायची, तर ती कसली सोबत? तिथल्या तिथे राजीनामा पाठवून दिला."

"आणि आज फसलं असतं तर?"

"तर घरी जाऊन दोघी मिळून रडलो असतो," वहिनी म्हणाली. "नाक पुसा आता, वन्सं. लोक बघताहेत."